गुडघा गेला, क्लब म्हणतो सीनियर टीमचा कोच हो. होऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३३, घर वेंगुर्ल्याजवळ, बारा वर्षं गोव्यात क्लब फुटबॉल, जागा मिडफिल्ड. गुडघ्याच्या लिगामेंटची दोन ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी आता पुरे म्हणून सांगितलं. ज्या क्लबात शेवटची सहा वर्षं काढली तोच क्लब म्हणतोय, पुढच्या सीझनला सीनियर टीम तूच सांभाळ. विचारणं तीन गोष्टींचं आहे: खेळ कळतो तेवढं पुरतं का, लायसन्सचं काय, आणि यावर घर चालतं का.

मी वयाने मोठा आहे, तेव्हा अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. सावंतवाडीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकान उघडायच्या आधी, साडेपाच ते साडेसात, मी मैदानावर असतो. याला बावीस वर्षं झाली. त्याआधी मीही तुझ्यासारखाच गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून खेळायला जायचो, स्टॉपर म्हणून, म्हणजे बचावाच्या मधोमध.

पहिलं उत्तर लगेच देतो. सीनियर टीम घेऊ नकोस. निदान त्या क्लबाची नको, आणि निदान पहिली दोन वर्षं नको. कोच जरूर हो, पण तेरा वर्षांखालच्या पोरांचा हो.

हे सांगतोय कारण मी नेमकं उलटं केलं होतं. खेळायचं थांबवलं त्याच वर्षी माझ्याच क्लबाने टीम हातात दिली. माझ्या बाजूला आठ वर्षं खेळलेला लेफ्ट बॅक अजून टीममध्ये होता. माझ्या लग्नात नवरदेवाची गाडी त्याने चालवली होती. त्याचा वेग संपलाय हे मला दिसत होतं, टीमला दिसत होतं, त्यालाही कळत होतं. चौथ्या मॅचला त्याला बाहेर बसवायचं ठरवलं आणि सावंतवाडीपासून म्हापशापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत गेलो. ड्रेसिंग रूममध्ये तो बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, “तू माका भायर ठेवतलंस?” मी म्हटलं, छे रे. त्या दिवशी तिन्ही गोल त्याच्या बाजूने झाले. सातव्या मॅचनंतर क्लबाने मलाच भायर ठेवलं. तो लेफ्ट बॅक आजही रस्त्यात भेटला की बोलतो, पण चतुर्थीला घरी येत नाही.

तुझ्या क्लबात असे किती जण आहेत ते मोज. ज्यांच्याबरोबर तू एसटीच्या मागच्या बाकावर बसून आधीच्या कोचची नक्कल केलीस, ते सगळे मोजायचे. अकरा जणांची यादी भिंतीवर लावली की उरलेले सात-आठ जण तुझ्याकडे बघणार, आणि त्या नजरेची सवय नसताना पहिल्यांदा ती ओळखीच्या माणसांकडून झेलायची नाही.

आता खेळ कळण्याबद्दल. तुला खेळ कळतो यात शंका नाही, पण तो तुझ्या पायांना कळतो. दुसऱ्याला सांगायला लागशील तेव्हा लक्षात येईल की त्यासाठी तुझ्याकडे शब्दच नाहीत.

क्लबाने काढल्यावर मी बांद्याकडच्या एका शाळेची पोरं घेतली. मला वाटलं, ऑफसाइडची लाइन शिकवणं, म्हणजे बचावाची रांग एकदम पुढे नेऊन समोरच्या फॉरवर्डला ऑफसाइडमध्ये पकडणं, हा माझा हातखंडा. खेळत असताना मी “वर!” म्हणून ओरडायचो आणि चौघे एकदम पुढे सरकायचो, दहातले नऊ वेळा बरोबर. पोरांनाही तेच सांगितलं: स्टॉपरने योग्य वेळी लाइन वर न्यायची. योग्य वेळ म्हणजे कधी, असं कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी बाहेरून ओरडायचो, पोरं आधी माझ्याकडे बघायची आणि मग पळायची, तोपर्यंत समोरचा फॉरवर्ड गोलकीपरपाशी पोचलेला असायचा. एक दिवस चिडलो. तेव्हा स्टॉपर खेळणारा तेरा वर्षांचा पोरगा शांतपणे म्हणाला, “सर, तुमी सांगतास ता माका कळता, पन माज्या पायांका कळना नाय.”

त्या रात्री मी प्रथमच विचार केला की मला स्वतःला कसं कळायचं? उत्तर सापडायला महिना गेला. मी फॉरवर्डकडे बघतच नव्हतो. ज्याच्या पायात बॉल आहे त्याच्या मानेकडे बघायचो. त्याची मान खाली गेली, किंवा त्याला आमच्या कोणी पाठमोरा करून दाबला, की त्याला लांब पास देता येत नाही. तेवढ्या क्षणात लाइन वर. त्याने मान उचलली, त्याच्यासमोर कोणी नाही आणि बॉल त्याच्या चांगल्या पायावर आहे, की पाठीमागे पळत सुटायचं, तिथे ऑफसाइड लावायला जाणारा मूर्ख. एवढंच होतं सगळं. पण खेळताना हे मी कधी स्वतःशी बोललो नव्हतो. पोरांना “मान बघा” असं सांगितल्यावर तीन आठवड्यांत लाइन चालायला लागली.

तुझ्या मिडफिल्डमध्ये अशा पन्नास गोष्टी असतील. बॉल घ्यायच्या आधी खांद्यावरून मागे बघतोस का? किती वेळा? पहिला टच कुठल्या पायाने आणि का? या गोष्टी शब्दांत आणायला पोरांसारखी शाळा नाही. सीनियर खेळाडू तुझं तोंडदेखलं ऐकून घेतात आणि आपलं तेच करतात. पोरांना कळलं नाही तर लगेच दिसतं.

मोठ्या नावांचंही असंच आहे. गॅरी नेव्हिलने मँचेस्टर युनायटेडकडून आठ लीग जिंकल्या. टीव्हीवर बोर्डापुढे उभा राहून तो जे समजावतो ते मी अजून ऐकतो. डिसेंबर २०१५ मध्ये तो थेट स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबाचा कोच झाला आणि मार्च २०१६ मध्ये घरी आला. थिएरी ऑन्री मोनाकोत ऑक्टोबर २०१८ ला गेला, जानेवारीत संपला. दोघांचं फुटबॉल कच्चं होतं असं म्हणायची कोणाची छाती नाही. उलट शाबी अलोन्सो बघ. वर्ल्ड कप जिंकलेला माणूस, आधी रेआल माद्रिदची लहान पोरं घेतली, मग २०१९ पासून तीन वर्षं रेआल सोसिएदादची दुसरी टीम. ती टीम त्याने एकदा वरच्या डिव्हिजनला नेली आणि पुढच्याच सीझनला ती खाली घसरली. हे आपल्याकडच्या कोणाला आठवतही नाही, आणि मला सांगायचं आहे ते हेच. तिथे त्याला हरता आलं. पुढे लेव्हरकुसेनने त्याच्या हाताखाली २०२३-२४ ची बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची लीग, एकही मॅच न हरता जिंकली, ते सगळ्यांना आठवतं.

इंग्लंडमध्ये मुख्य कोचला मॅनेजर म्हणतात. आपल्याकडे टीमचा मॅनेजर म्हणजे जर्सीची पिशवी, पाण्याचे कॅन आणि वयाच्या दाखल्यांच्या झेरॉक्स सांभाळणारा माणूस. तेव्हा क्लबाने कागदावर “मॅनेजर” लिहिलं तर नेमकं काय ते विचारून घे. तिकडचा जुना मॅनेजर कोचिंगही करायचा, खेळाडूंची खरेदीविक्रीही आणि हिशेबही. ॲलेक्स फर्ग्युसन १९७४ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, स्कॉटलंडमधल्या ईस्ट स्टर्लिंगशायर नावाच्या छोट्या क्लबात गेला तेव्हा त्यांच्याकडे धड गोलकीपरही नव्हता. तिथून सेंट मिरन, ॲबरडीन आणि मग १९८६ ला युनायटेड.

पण तुला लांबची उदाहरणं कशाला? खालिद जमील घे. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला मिडफिल्डर, तुझ्याच जागेचा. २००९ पासून मुंबई एफसी सांभाळली, सात सीझन. त्या क्लबाकडे पैसा नव्हता, दर वर्षी कामगिरी एकच: खाली जायचं नाही. लोक हसायचे त्याच्या टीमच्या बचावाला. २०१६ ला मुंबईने त्याला सोडलं. त्याच वर्षी साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेंपो हे गोव्याचे तीन क्लब आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमधून बाहेर पडले. आपल्या भागातल्या पोरांच्या ताटातलं तेव्हा किती गेलं हे तुला माहीत आहे, तूही त्याच वेळी खेळत होतास. पण त्या रिकाम्या जागेमुळे खाली घसरलेल्या मिझोरामच्या ऐजॉल क्लबाला परत आत घेतलं गेलं, आणि ऐजॉलने खालिदला बोलावलं. त्याने जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबईचे ओळखीचे खेळाडू सोबत घेतले आणि २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. ऐजॉलचे ३७ पॉइंट, मोहन बागानचे ३६. मुंबई एफसी त्याच सीझनला तळाला जाऊन बाहेर पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा कोच झाला. सात वर्षं कमी माणसांत आणि कमी पैशांत पॉइंट कसे वाचवायचे हेच तो शिकत होता, आणि ते ऐजॉलमध्ये लगेच कामाला आलं.

आणि क्लिफर्ड मिरांडा. आर्मांदो कुलासो कोच असताना ज्या डेंपोने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाचदा देशाचं विजेतेपद घेतलं, त्या टीमचा मिडफिल्डर. मला विचारशील तर गोव्यात त्या दहा वर्षांत त्याच्याइतका डाव्या पायाने विचार करणारा खेळाडू नव्हता. खेळ संपल्यावर त्याने एफसी गोवाची ज्युनियर टीम घेतली, मग असिस्टंट झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये परदेशी कोचला काढल्यावर उरलेल्या मॅचेस त्याच्याकडे आल्या आणि गोव्याने लीगमध्ये पहिलं येणाऱ्याला मिळणारी शील्ड घेतली. २०२३ मध्ये ओडिशाची टीमही अशीच, हंगामी म्हणून हातात आली. कोळिकोडला बंगळुरूला २-१ हरवून त्याने सुपर कप जिंकला. दोन्ही वेळा वरचा माणूस गेला तेव्हा हा तयार उभा होता. तुझ्या क्लबाला असिस्टंट हवाय का, हे विचारायला लाज वाटू देऊ नकोस.

एक गोष्ट मात्र अशी आहे की जी खेळाडू असताना अजिबात शिकता येत नाही: दुसऱ्याच्या पायात काय आहे ते बघणं. १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्सची हकिकत तू ऐकली असशील. जर्नेलसिंगच्या डोक्याला थायलंडविरुद्ध जखम होऊन टाके पडले होते. तो स्टॉपर, देशातला सगळ्यात चिवट. दुसरा कोणीही कोच त्याला बसवता. भारताचे तेव्हाचे कोच रहीमसाहेब, त्यांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केला. सेमीफायनलला त्याने गोल केला, आणि फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध २-१ मध्येही एक गोल त्याचा होता, दुसरा पी. के. बॅनर्जींचा. रहीम मूळचे शाळामास्तर. मला नेहमी वाटतं की वर्गात पन्नास पोरांकडे बघण्याची सवय त्यांना मैदानात कामाला आली असणार.

ही नजर कमवायची एक साधी रीत सांगतो. म्हापशात धुळेरच्या स्टेडियममध्ये मॅच असेल तेव्हा वरच्या पायरीवर जाऊन बस आणि पूर्ण हाफ एकाच खेळाडूकडे बघ, शक्यतो फुलबॅककडे, म्हणजे कडेच्या बचाववाल्याकडे. बॉल कुठेही असू दे. वहीत लिही: बॉल लांबच्या बाजूला असताना तो किती आत येतो, टीमने बॉल घालवला की पहिली तीन पावलं कुठे टाकतो. पहिल्या वेळी दहा मिनिटांत तुझे डोळे बॉलकडे जातील. बारा वर्षांची सवय आहे ती. मला सुटायला अर्धा सीझन लागला.

सेशन घेताना तू जी चूक करशील ती आत्ताच सांगून ठेवतो, कारण सगळे जुने खेळाडू तीच करतात. आपल्या कोचने आपल्याला जे करायला लावलं तेच आपण पोरांना करायला लावतो. रांग लावायची, एकेकाने यायचं, शॉट मारायचा, रांगेच्या शेवटी जायचं. मी एकदा बसून मोजलं. सोळा पोरं, वीस मिनिटं, एकेकाला पाचदा बॉल मिळाला. उरलेला वेळ पोरं एकमेकांच्या टाचा तुडवत होती. तीच सोळा पोरं चार-चारच्या चार टीम करून दोन छोट्या मैदानांवर सोडली, साधारण तीस मीटर बाय वीस, चार कोन लावून गोल, तर मोजायच्या आतच माझी गणती चुकली. शिवाय रांगेत समोर कोणी अडवणारा नसतो, त्यामुळे डोकं वर करायची गरजच पडत नाही. छोट्या मॅचमध्ये ती पडते. शिकवायची गोष्ट एकच ठेव आणि नियमात घाल. बॉल घ्यायच्या आधी मागे बघायला शिकवायचं असेल तर मैदानाच्या दोन्ही टोकांना गोल ठेव आणि मधल्या पोराला दोन्हीकडे मारायची मुभा दे. तो आपोआप मान फिरवायला लागेल, तुझा घसा वाचेल.

जमीन बघून काम कर. आपलं जांभ्याचं मैदान डिसेंबरनंतर दगडासारखं होतं, बॉल गुडघ्याएवढा उसळतो आणि टॅकल मारणाऱ्याची मांडी सोलली जाते. तिथे स्लाइडिंग शिकवायचं नाही, बॉल छातीवर आणि मांडीवर थांबवून घ्यायला शिकवायचं. जून ते सप्टेंबर उलटं: डबक्यात बॉल थांबतो, जमिनीवरचा पास तिसऱ्या पावलाला मरतो. मी पावसात बॉल उचलून द्यायला आणि दुसरा बॉल, म्हणजे हेडर किंवा टॅकलनंतर सुटलेला बॉल, जिंकायला शिकवतो. शाळेचं सिमेंटचं कोर्ट मिळालं तरी आधी शेवाळ बघ; माझ्या एका पोराचं मनगट तिथे मोडलंय. आणि सीझनचं वेळापत्रक करताना भिंतीवर कालनिर्णय हवं. चवथीत पोरं मिळणार नाहीत, मोठी तर आरत्या आणि भजनं करून पहाटे झोपतात. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतार बघून आलेला विंगर सकाळी पळणार नाही. ओरडून उपयोग नाही, त्या दिवशी हलकं काम ठेवायचं. मी स्वतःच जत्रेतून थेट मैदानावर आलोय, कोणाला काय बोलणार.

दशावताराचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्यात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कधी येणार ते ठरतं, संवाद मात्र नटाला रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतात. मॅचच्या आदल्या दिवशी टीमला किती सांगायचं याचं माझं माप हेच आहे. बॉल आपल्याकडे असताना कोण कुठे, घालवल्यावर पहिला कोण धावणार, कॉर्नरला कोणाचा माणूस कोणता. पुढचं त्यांचं. नवीन कोच बोर्डावर इतके बाण काढतो की मैदानात पोरं आठवत बसतात. हाफटाइमलाही पंधरा मिनिटं मिळतात म्हणून पंधरा मिनिटं बोलायचं नसतं. पहिली चार-पाच मिनिटं कोणीच ऐकत नाही, पाणी पिऊ दे, भांडू दे. मग दोन गोष्टी सांग. तिसरी सांगितलीस तर पहिली विसरतात.

लायसन्सचं लांबण लावत नाही. सुरुवातीला एआयएफएफ या देशाच्या फुटबॉल संघटनेचं डी, मग एएफसी या आशियाच्या संघटनेची सी, बी, ए आणि शेवटी प्रो, अशी चढण आहे. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, मुख्य कोच व्हायला प्रो लागतं. कोर्स राज्य संघटनेमार्फत होतात, आपल्याला महाराष्ट्रात विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) आणि पलीकडे गोवा फुटबॉल असोसिएशन. डी या वर्षीच कर. तिथे तुझा खेळ बघत नाहीत, गुडघ्याची काळजी सोड. एक विषय देतात आणि सेशन घ्यायला लावतात. मोठमोठे खेळाडू तिथे घामाघूम होतात, कारण थांबवायचं कधी आणि बोलायचं काय हे सुचत नाही. शाळेच्या पोरांबरोबर सहा महिने काढून गेलास तर तुला ते सोपं जाईल. वरच्या पायऱ्यांना तुझ्या हाताखाली खरी टीम असावी लागते, तेव्हाही ही पोरं कामाला येतील.

घर चालतं का? पहिली पाच वर्षं नाही. माझं दुकानावर चाललं. एका शाळेचे पैसे, एका ॲकॅडमीचे पैसे, उन्हाळी कॅम्पचे पैसे असं जोडून काही जण चालवतात, पण त्यात मे महिना बरा जातो आणि जुलैत हातातोंडाची गाठ पडत नाही. नोकरी असेल तर सोडू नकोस, नसेल तर आधी ती बघ. क्लबाने सीनियर टीमसाठी जो आकडा सांगितलाय तो तुला मोठा वाटत असणार. तो किती महिन्यांचा आहे आणि चार मॅच हरल्यावर किती महिन्यांचा होतो, हे आधीच्या कोचला फोन करून विचार. तो सांगेल.

गुडघ्याबद्दल एकच. पोरांना करून दाखवायचा मोह होईल, कारण तुझा टच अजून तसाच आहे. वळून शॉट मारून दाखवू नकोस. त्यातल्या एखाद्या पोराला जवळपास जमत असेल तर त्याला करायला लाव. बाकीच्यांना ते जास्त पटतं, आणि तो पोरगा त्या दिवशी घरी उड्या मारत जातो.

तर क्लबाला सांग: सीनियर टीमला असिस्टंट म्हणून येतो, आणि तेरा वर्षांखालची टीम माझी. त्यांच्याकडून आठवड्यातून तीन दिवस मैदान, दोन रंगांचे बिब आणि पोरागणिक एक बॉल, हे लिहून घे. बॉल चार नंबरचे माग. ते पाच नंबरचे देतील, सीनियरांनी वापरून झालेले, लोण्यासारखे मऊ पडलेले. ते परत कर.